नाव घेऊन बोलावणं

२२ एप्रिल १९९९

संताप नुसता! अमेरिकेच्या गिऱ्हाइकाचा ई-मेल आला. त्यांची माणसं संगणकावरच कागदपत्रांवर सह्या करतात. सहीला कागद आला की आमचा प्रोग्राम त्यांना ई-मेलने कळवतो. प्रोग्रामचा तो भाग मी लिहिलेला. आणि लोक ते न उघडताच पुसून टाकतात म्हणे! मॅनेजर संतोषकुमार म्हणाले, "दोन आठवड्यांत नीट करा, नाहीतर काम दुसऱ्या कंपनीकडे."

घरी अप्पांना आयतं कोलीत मिळालं. "काम गेलं की नोकरी पुरे, रूपश्री. के. आर. पुरमचं स्थळ किती दिवस थांबेल?"

२३ एप्रिल

मजकूर नव्याने वाचला. 'प्रिय ग्राहक, आपल्या सहीसाठी एक दस्तऐवज आला आहे.' मीसुद्धा पुसला असता.

२५ एप्रिल

मामेबहीण दिव्यश्रीच्या लग्नाच्या अक्षता द्यायला आईबरोबर बनशंकरीला, नात्यातल्या प्रेमाक्कांकडे गेले. पत्रिका पोस्टाने कधीच गेली होती, तरी प्रेमाक्का गाल फुगवून बसलेल्या. "पत्रिका काय, सगळ्यांनाच जाते!" आईने कुंकू लावलं, हातावर अक्षता ठेवल्या. "प्रेमाक्का, वहिनींनी खास तुम्हाला बोलवायला पाठवलंय. हळद तुमच्याच हातची लागायची." झालं! अक्का हसत कॉफी टाकायला उठल्या.

परतताना बसमध्ये एकदम डोक्यात आलं — माझा ई-मेल म्हणजे पोस्टाने गेलेली पत्रिका! कुणाला, कुणाकडून, कशासाठी — काहीच नाही त्यात.

२८ एप्रिल

केलं! वर नाव, मग पाठवणाऱ्याचं नाव, कागद कसला ते, आणि पाठवणाऱ्याच्या स्वतःच्या शब्दांत एक ओळ. ऑफिसात सगळ्यांना पाठवून पाहिलं — आणि अख्खा मजला हसतोय! प्रोग्राम नावाचा पहिला तुकडा उचलतो, आणि आपल्याकडे इनिशियल नावाच्या आधी. 'प्रिय के.', 'प्रिय एन.'! संतोषकुमार म्हणाले, "स्वल्प, जरा बघून पाठवायचं की, अम्मा!" मान वर करवेना.

२९ एप्रिल

प्रोग्रामने नाव ओळखायचंच कशाला? काय म्हणून हाक मारायची ते पाठवणाऱ्यालाच विचारावं! त्यासाठी एक चौकोन वाढवला. संतोषकुमारांनी मुद्दाम 'अम्मा' लिहून मला कागद पाठवला. मी हसत उघडला, सही केली. "सरी," ठीक आहे, एवढंच म्हणाले. त्यांच्याकडून एवढंही डोंगराएवढं.

१२ मे

जिंकले! तिकडे लोक ई-मेल उघडताहेत, सह्या होताहेत, काम आमच्याकडेच राहिलं. बैठकीत संतोषकुमारांनी सगळ्यांदेखत माझं नाव घेतलं. कुणी काही म्हणो, हे मी केलंय!

तशीच चिकपेटला अप्पांच्या साड्यांच्या दुकानात गेले. अप्पा साडीची घडी घालत ऐकत होते. "शाबास," म्हणाले. मग समोरच्या बाईंना — "धाकटी लेक. रविवारी बघायला येणार आहेत." राग आला. तरी आज मी फार, फार खूश आहे.

१४ मे

त्या गिऱ्हाइकाकडून माझ्या नावाने नोकरीचा करार आला. दोन वर्षं अमेरिकेला. पाठवणाऱ्याची ओळ: 'रूपश्री, पुढचं काम इथे आमच्यात बसून कर.'

सही केली. अप्पांना विचारलं नाही — आयुष्यात पहिल्यांदा. आता दुकानात जाऊन सांगते.