चियांग माईसाठी दोन एप्रन

१४ जुलै, सोमवार

बुकिंग झालं. रिटायर होऊन दोन महिने नुसता बसून होतो, आज काहीतरी ठोस केलं. थायलंड, चियांग माई. ‘कुकिंग हॉलिडे’. सकाळी तिथल्या बाजारात जायचं, मग स्वयंपाकाचा क्लास, आपण केलेलं आपणच जेवायचं. दोघांसाठी. फ्लाइट सोळा नोव्हेंबरला.

भाग्यश्रीला मार्चमध्ये पॅरालिसिसचा अटॅक आला. उजवी बाजू गेली. बोलणंही गेलं, एखाद-दुसरा शब्द येतो. पण डॉक्टर म्हणाले होते की पहिल्या सात-आठ महिन्यांत जी रिकव्हरी व्हायची ती होते. मार्चपासून मोजलं तर नोव्हेंबर येतो. मी कंपनीच्या क्वालिटी खात्यात आयुष्य काढलंय, टार्गेट डेट दिल्याशिवाय काम होत नाही हे मला माहीत आहे.

शिवाय स्वयंपाक म्हणजे तिचा जीव. आम्ही चाकणला राहायचो तेव्हा वीस वर्षं तिने कंपनीतल्या पोरांची मेस चालवली. माणसाला आवडीचं काम दिलं की अर्धं औषध झालं.

तिला सांगितलं. म्हणाली, “नको.” ती कशालाही आधी नकोच म्हणते. फ्रीज घेतानाही म्हणाली होती.

१७ जुलै

चार्ट करून फ्रीजवर लावला. चालणं – ऑगस्ट. उजवा हात – सप्टेंबर. बोलणं – ऑक्टोबर. पॅकिंग – सतत. जबाबदारी या कॉलममध्ये सगळीकडे मीच.

खालच्या मजल्यावरून टिफिन येतो तो बंद करायचा ठरवलंय. क्लासमध्ये माझी फजिती नको, म्हणून बेसिक गोष्टी घरीच शिकून घेणार. उद्यापासून पोळ्या.

१८ जुलै

गुडघा दुखतोय. पोळ्या सोमवारपासून.

२७ जुलै, रविवार

वरण केलं. खाली लागलं, पण वरचं चांगलं होतं. भाग्यश्रीला भरवलं. तिने दोन घास घेतले आणि तोंड फिरवलं. तिची चव पहिल्यापासून कडक.

मग तिला कार्यक्रम वाचून दाखवला. पहिला दिवस: दगडी खलात करीचा मसाला कुटणे. दुसरा दिवस: भाताचे प्रकार. तिने डोळे मिटून घेतले. एकाग्र होऊन ऐकत होती.

टिफिन चालूच ठेवलाय. बॅकअप म्हणून.

३ ऑगस्ट

फिजिओथेरपीची मोनिका रविवार असूनही येऊन गेली. चांगली मुलगी आहे, पण अनुभव नाही. पकड यावी म्हणून उजव्या हातात रबरी चेंडू देते. मी म्हणालो, चेंडू कशाला? ज्या बाईने रोज शेकड्याने पोळ्या लाटल्या तिला लाटणं द्या, हात आपोआप ओळखेल. मोनिका म्हणाली, “काका, प्लीज, असं काही करू नका.”

ती गेल्यावर लाटणं दिलं. उजव्या हातातून ते गळून पडलं. परत दिलं. परत पडलं. असं बराच वेळ केलं. शेवटी तिने ते डाव्या हाताने उचललं आणि माझ्या दिशेने फेकलं. टीव्हीच्या काचेला तडा गेला.

डाव्या हाताची ताकद आणि नेम, दोन्ही सुधारलेत. चार्टवर नोंद केली.

१५ ऑगस्ट

मोठी सूटकेस आणली. कंपनीत सामान लावायची पद्धत असते तसे कप्पे केले: रोज लागणारं, कधीमधी लागणारं, न लागणारं. न लागणारं बाहेर. व्हीलचेअर अर्थातच बाहेर. आत: काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, तिच्या पाच साड्या, माझे बूट. थाई लोकांना आपला मसाला दाखवू. भाग्यश्री तिथे शिकायला कमी आणि शिकवायला जास्त चालली आहे.

दोन एप्रन शिवून घेतलेत. छातीवर नावं, ‘भीमराज’ आणि ‘भाग्यश्री’. लाल दोऱ्याने. मापाला म्हणून तिला घालून बघितला. फार शोभला. तेवढ्यात ट्रॅव्हल्सवाल्या रणजीतचा फोन आला, म्हणून निगडीच्या बस टर्मिनसजवळ त्याच्या ऑफिसात गेलो. तिथे गप्पांत वेळ गेला. परत आलो तर दिवे लागले होते आणि ती तशीच खुर्चीत. एप्रनची गाठ मानेशी घट्ट बसली होती. तिने सोडवायचा प्रयत्न केला असावा, मानेवर ओरखडे होते.

पुढच्या वेळी गाठ सैल बांधणे.

२ सप्टेंबर

रणजीत विचारत होता, एअरपोर्टवर व्हीलचेअर सांगू का? म्हटलं, गरज नाही. तो म्हणाला, “भाऊ, वहिनींना बघितलंय मी. सांगून ठेवतो, नाही लागली तर नाही.” लोकांचा विश्वास किती कमी असतो.

एअरलाइनला डॉक्टरचं सर्टिफिकेट लागेल म्हणे. डॉक्टरकडे गेलो. सगळा प्लॅन समजावला. ते म्हणाले, घाई करू नका. म्हणजे तारखेबद्दल घाई नको, जाण्याबद्दल त्यांनी काहीच हरकत घेतली नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा जाईन.

९ सप्टेंबर

पोळ्यांना सुरुवात केली. कणीक सैल झाली. पीठ घातलं तर घट्ट झाली. पाणी घातलं. शेवटी परातभर झाली. टाकून दिली. भाग्यश्री दारातून बघत होती. ती हसली असं मला वाटलं. ओठ एका बाजूनेच हलतो, त्यामुळे नक्की सांगता येत नाही.

२० सप्टेंबर, शनिवार

आज ट्रायल रन. चियांग माईत पहिल्याच दिवशी बाजार फिरायचाय, तर सराव हवा. चाकणचा कांद्याचा बाजार तिच्या पायाखालचा. मेससाठी दर आठवड्याला तिथून पोतं घ्यायची. जुनी जागा दिसली की पाय आपोआप चालतील, असं माझं म्हणणं.

रिक्षा केली. ती “नको, नको” म्हणत होती. हायवेवर ट्रकची लाइन, धूळ. गेटपासून तिला काठी दिली आणि मी मुद्दामच चार पावलं पुढे उभा राहिलो. हात धरला की माणूस परावलंबी होतो. ती आली. खरंच आली. मग मागून टेम्पोवाल्याने हॉर्न मारला आणि ती दचकली.

किरकोळ घटना. कंपनीत याला ‘नियर मिस’ म्हणतात, थोडक्यात निभावलं. डोक्याला काही नाही. डावं मनगट फ्रॅक्चर. प्लास्टर घातलंय.

डावं असल्याने प्लॅनवर परिणाम नाही. मुख्य हात उजवाच.

२१ सप्टेंबर

देहूरोडहून तेजस्विनी आली. आमची एकुलती एक. आल्या आल्या आईचे दोन्ही हात बघितले. मी तिला चार्ट समजावून सांगायला गेलो. तिने तो फ्रीजवरून काढला, घडी घातली आणि माझ्या हातात दिला. म्हणाली, “पप्पा, मम्मीला मी घेऊन चालले.” मला विचारलंसुद्धा नाही. थेट निर्णय.

म्हटलं, किती दिवस? ती म्हणाली, “बघू.”

भाग्यश्री रिक्षात बसली. मी हात हलवला. तिला हात हलवता येत नव्हता, हे नंतर लक्षात आलं.

एका अर्थी बरं झालं. पॅकिंगला मोकळीक मिळाली.

२८ सप्टेंबर

घर शांत आहे. वेळेचा सदुपयोग: थाई शब्द शिकणे, पोळ्या, व्यायाम. आज काहीच झालं नाही. उद्यापासून.

रोज फोन करतो. तेजस्विनी सांगते, मम्मी झोपली आहे. सकाळी झोपलेली, दुपारी झोपलेली, संध्याकाळी झोपलेली. विश्रांती चांगली मिळतेय.

११ ऑक्टोबर

सूटकेस पुन्हा लावली. चटणीला वास सुटला होता, तेल साड्यांना लागलं. तीन साड्या गेल्या. बाकी तयारी उत्तम. वजन मर्यादेत.

जेवण टिफिनचं. दोन माणसांचा अजून घेतो. सवय मोडायला नको, ती कधीही येईल.

२६ ऑक्टोबर

तेजस्विनीने फोनवर सरळ सांगितलं, मम्मी येणार नाही, तिकीट कॅन्सल करा. मी म्हटलं, हे तू म्हणतेस की ती? ती म्हणाली, “पप्पा, ती जुलैपासून म्हणतेय.”

मुलांना आईच्या आवडीनिवडी काय कळणार! तेजस्विनी लहान होती तेव्हा तिची आई पहाटे उठून गाणं म्हणत कणीक मळायची. मी फर्स्ट शिफ्टला निघताना ऐकायचो. सगळ्या चाकणमध्ये तेवढी आनंदी बाई नसेल.

प्रत्यक्ष जाऊन बोलणार. समोर बसलो की सुटतं सगळं.

९ नोव्हेंबर, रविवार

देहूरोडला गेलो. फ्लाइट पुढच्या रविवारी, म्हणून सूटकेसही बसने सोबत नेली. सगळी तयारी डोळ्यांनी बघितली की तिला हुरूप येईल.

ती बाल्कनीत खुर्चीवर बसली होती. प्लास्टर निघालंय. समोरून गाड्या जात होत्या, त्या बघत होती. काहीच करत नव्हती. चेहरा भरलाय. मला बघून “आलात?” म्हणाली. स्पष्ट. मला इतका आनंद झाला की मी तिथेच सूटकेस उघडली. एप्रन दाखवला. क्लासचं सगळं पुन्हा सांगितलं.

तिने ऐकून घेतलं. मग एकेक शब्द शोधत म्हणाली, “मेसला... किती जण असायचे?”

म्हटलं, “साठ. दिवाळीच्या ओव्हरटाइमला जास्तच.”

“मला... कधीच... आवडलं नाही.”

मी म्हटलं, “अगं, काहीतरी काय. पहाटे गाणं म्हणत कणीक मळायचीस. मी ऐकलंय.”

“झोप येऊ नये... म्हणून.” पुढे म्हणाली, “एकदा... परातीवरच... पडले होते. तुम्ही... शिफ्टला.”

मला काही आठवेना. म्हटलं, आता तसं नाही, आता मजेसाठी करायचं. त्यावर तिने उजवा हात डाव्या हाताने उचलला आणि मांडीवर नीट ठेवला. एखाद्याचं झोपलेलं लेकरू ठेवावं तसा. त्याच्याकडे बघत म्हणाली, “हा गेला... तेव्हा... दवाखान्यात... सगळे रडत होते.” मग माझ्याकडे बघितलं. “मी म्हटलं... सुटले.”

हे सगळं सलग बोलली. मध्ये एकही शब्द अडला नाही, फक्त वेळ लागला. ऑक्टोबरचं टार्गेट उशिरा का होईना पूर्ण. मोनिकाला कळवायला हवं.

आतून तेजस्विनी बाहेर आली नाही. मी सूटकेस बंद केली. चेन अडकली, म्हणून जरा वेळ लागला.

१० नोव्हेंबर

काही लिहिण्यासारखं नाही.

१३ नोव्हेंबर

रणजीतचा फोन. रिपोर्टिंगची वेळ सांगत होता. म्हटलं, कॅन्सल कर. तो म्हणाला, “वहिनींचं ना? तुमचं ठेवतो, तुम्ही तरी जाऊन या.” म्हटलं, दोन्ही.

नंतर वाटलं, एकट्याने जावं का? तिथे जाऊन शिकून यावं आणि तिला करून घालावं. तासभर ते पक्कं होतं. नवा चार्ट करायला पेनही उघडलं होतं.

१६ नोव्हेंबर

तेजस्विनीचा फोन आला, थंडी पडली आहे, मम्मीचे कपडे आणून द्या. म्हटलं, कोणते? ती म्हणाली, तिलाच विचारा, आणि फोन तिच्याकडे दिला. मी विचारलं, काय आणू? बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग म्हणाली, “गाऊन. मऊ.”

कपाट उघडलं. ती गाऊन कुठे ठेवते मला माहीत नव्हतं. खालच्या खणात सापडले. मऊ कोणता ते कळेना. एकेकाला हात लावून बघितला, गालाला लावून बघितला. सगळे सारखेच वाटले. सगळे पिशवीत घातले.

दुपारी नेऊन दिले. तिने पिशवीत हात घालून चाचपलं, एक निळा बाहेर काढला, मांडीवर घेतला. बाकीचे ठेवा म्हणाली. बसा म्हणाली नाही.

तरी थोडा वेळ बसलो.