ग्लॉक की स्मिथ, अजून ठरलं नाही

१४ ऑक्टोबर, सोमवार

आज एक परका माणूस माझ्या गाडीत येऊन बसला!

पेट्रोल पंपावर पैसे देऊन आले, गाडीत बसले, किल्ली फिरवणार एवढ्यात पलीकडचं दार उघडून हा आत. दाढी, टोपी, हातात चिप्सची दोन पाकिटं. "साधी संपली होती, तिखट आणलीत," म्हणाला. मग माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. "अरे देवा! तुमची पण पांढरीच आहे की!" म्हणून जो पळाला! पलीकडच्या पांढऱ्या पिकअपमध्ये त्याची बायको पोट धरून हसत होती.

मीही हसले. घरी येऊन आधी सगळ्या दारांना कड्या लावल्या. कॉफी सांडली. हा चुकून बसला. चुकून नसता बसला तर? आज मी घरी पोचले नसते तर कुणाला कळलं असतं? माझ्या मैत्रिणीला, ओपलला — तेही रविवारी, चर्चमध्ये माझी जागा रिकामी दिसल्यावर. आणि आज सोमवार.

मर्लचं पिस्तूल त्याच्या भावाने नेलं, आठवण म्हणून. मी नेऊ दिलं. तेव्हा नवरा गेल्याच्या दुःखात कोण पिस्तुलाचा विचार करतंय!

१५ ऑक्टोबर, मंगळवार

पिस्तूल घ्यायचं. बाहेर पडताना जवळ ठेवायचं. ठरलं.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

लायलच्या दुकानात गेले. पुढे मासेमारीचे गळ, मध्ये घोड्यांचा खुराक, मागे बंदुका. मी शाळेची बस चालवायचे, त्या बसमधला हा लायल. मागच्या बाकावर बसून केळ्याची सालं फेकायचा. आता टक्कल पडलंय आणि मला "नोरीनबाई" म्हणतो.

त्याने फडक्यावर दोन मांडली. एक ग्लॉक, एक स्मिथ अँड वेसन. "पर्समध्ये ठेवणार की कमरेला?"

"पर्समध्ये."

"पर्समध्ये नको. कुणी पर्सच ओढून नेली तर? आणि तुमच्या पर्समध्ये हात घातला की आधी लिपस्टिक लागेल का औषधाची डबी, तुम्हाला तरी माहितीय का?"

खरंय. काय काय भरलंय त्यात देव जाणे.

ग्लॉक चपटं, साधं, कुठं काही जास्तीचं नाही. पण वरचा भाग मागे ओढायचा तर माझा उजवा अंगठा रडायला लागला. स्मिथचा अलगद मागे आला. माझ्यासारख्या दुखऱ्या हातांसाठीच केलंय म्हणे ते. मी म्हटलं, झालं तर, स्मिथ. तर लायल म्हणतो, "थांबा की. ग्लॉकची पण युक्ती आहे. एका हाताने ओढत बसू नका, दुसऱ्याने पुढे ढकला." ढकललं. आलं!

"आता झाला ना घोळ?" म्हणाला आणि हसला. "कर्टिसला विचारा. त्याला कळतं यातलं."

२० ऑक्टोबर, रविवार

कर्टिसला फोन केला. याआधी बोललो होतो ते मे महिन्यात, मदर्स डेला. फुलं मिळाली का, मिळाली, बरं मग, ठेवतो. एवढंच.

आज पाऊण तास बोलला! माझा मुलगा! "आई, ग्लॉक घे. विचारच करू नकोस. धूळ, थंडी, काही असू दे, साधं यंत्र आहे." मी म्हटलं, माझा अंगठा? म्हणाला, "अंगठ्याला सवय होईल गं." मग बाबांबरोबर पहिल्यांदा हरणाच्या शिकारीला गेला होता ते निघालं, हातमोजे विसरला म्हणून बाबांनी मोजे हातात घालायला दिले ते निघालं. किती हसलो.

सुनेशीही बोलावं म्हणून "शॅनाला दे जरा," म्हटलं. "दुकानात गेलीय."

फोन ठेवल्यावर घर एकदम मोठं वाटायला लागलं. उगाच जाऊन सगळ्या खोल्यांतले दिवे लावून आले.

२३ ऑक्टोबर, बुधवार

कर्टिसने आपणहून फोन केला!! "ठरलं का?"

२७ ऑक्टोबर, रविवार

आज चर्चनंतर सगळ्यांनी डबे आणले होते. ओपलने मुद्दाम मोठ्याने विचारलं, "काय गं नोरीन, ऐकलं ते खरं का? बंदूकवाली होणार म्हणे!" झालं. दोन वर्षं ज्यांनी "कशी आहेस" च्या पुढे शब्द काढला नाही ते सगळे बटाट्याच्या भाजीच्या ताटल्या घेऊन माझ्याभोवती. अर्धे ग्लॉकवाले, अर्धे स्मिथवाले. एकाने काटा आणि चमचा घेऊन कमरेवरून कसं काढायचं ते दाखवलं आणि पास्टरच्या बायकोच्या अंगावर सॉस उडवला. दोन म्हातारे तर हमरीतुमरीवर आले — माझ्यासाठी!

मर्ल गेल्यापासून माझ्याशी इतकं कुणी बोललं नव्हतं. लाज वाटते लिहायला, पण मजा आली.

२ नोव्हेंबर, शनिवार

लायलच्या दुकानामागच्या नेमबाजीच्या रेंजवर दोन्ही चालवून बघितली. ग्लॉक बरं आहे. स्मिथ माझं आहे. हातात घेतलं की खांद्यातला ताण जातो. मागच्या बाजूला एक पट्टी आहे, मूठ घट्ट धरून ती दाबली जाईपर्यंत चाप चालतच नाही — हेही मला बरं वाटतं. कागदावरचा माणूस चांगलाच जखमी केला. लायल म्हणाला, "आम्ही मागच्या बाकावर इतके गप्प का बसायचो ते आता कळलं."

तर ठरलं. स्मिथ.

पण कर्टिसला सांगणार नाही. लायललाही नाही. सांगितलं की संपलं. कर्टिस म्हणेल, "छान, सांभाळून गं आई," आणि पुढचा फोन थेट नाताळला. आईने मुलाला फसवावं का? फसवते आहे.

१० नोव्हेंबर, रविवार

मोठा पेच! आज कर्टिस म्हणतो, "आई, मी विचार केला. तुझा अंगठा बघता स्मिथच बरं."

आता काय करू! "हो" म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. मग मीच ग्लॉकची वकील झाले. म्हटलं, तूच म्हणालास ना साधं यंत्र म्हणून? आणि गोळ्या जास्त मावतात. आणि स्मिथची ती मागची पट्टी घाईत नीट दाबली गेली नाही तर? तो म्हणाला, जाते गं दाबली. मी म्हटलं, तुझं ग्लॉक आण बरं हातात आणि मूठ कशी बसते ते बघून सांग मला.

"माझं हॉलिसकडे आहे. साफ करायला दिलंय."

हॉलिस म्हणजे त्याचा शाळेपासूनचा मित्र, तोही बिलिंग्जलाच असतो. कर्टिस-शॅनाच्या लग्नात तंबूच्या दोरीला अडखळून केकवर पडला होता तोच.

शॅना दुकानात गेली होती. किती सामान आणते ही बाई!

१९ नोव्हेंबर, मंगळवार

पुन्हा पलटला! आता परत ग्लॉक. "आई, मी रात्रभर वाचत होतो." अरे, तुला कामावर जायचं नसतं का? असा कसा हा धरसोड करायला लागला? लहानपणी बूट घ्यायला नेलं की पहिल्या जोडाला बोट लावून मोकळा व्हायचा.

मला काय, बरंच आहे. अजून दोन आठवडे निघतील.

त्याचं अजून हॉलिसकडेच आहे. मी म्हटलं, "साफ करतोय का धुऊन इस्त्री करतोय?" हसला. उशिराने हसला.

२८ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग

कर्टिस आला नाही. शॅनाच्या माहेरी जेवण आहे म्हणे. गेल्या वर्षीही तिकडेच. ओपलकडे जेवले. तिची सगळी नातवंडं, पायात पायात कुत्री. टर्की जरा कोरडी होती, पण मी दोनदा घेतली, तिला बरं वाटावं म्हणून.

ओपल सगळ्यांसमोर म्हणाली, "एक पिस्तूल घ्यायला एवढा वेळ? मी नवरासुद्धा याच्या निम्म्या वेळात निवडला!" तिचा नवरा म्हणाला, "म्हणूनच." सगळे हसले. मला मात्र ते लागलं. तिला कळलंय की काय, मी का रेंगाळते ते?

संध्याकाळी त्याचा फोन. म्हटलं, जेवण झालं? "हो, सगळे मॅच बघतायत." पण मागे टीव्हीचा आवाज नव्हता. भांड्यांचा नाही. कुणाचाच नाही. माझ्याकडच्यासारखंच.

५ डिसेंबर, गुरुवार

बर्फ. तीन फोन केले, उचलला नाही. दुपारी त्याचाच आला. आवाज झोपेतला. भर दुपारी!

"ठरलं का?" — पहिलं वाक्य हेच.

"अजून नाही."

"बरं," म्हणाला. मग जरा थांबून परत, "बरं."

यात बरं काय ते मला कळलं नाही. हे नाटक आता पुरे झालं. तो कंटाळलाय आणि तोंडावर बोलत नाही एवढंच. शनिवारी जाऊन स्मिथ घेऊन टाकते आणि सांगते त्याला.

७ डिसेंबर, शनिवार

नीट लिहिते. 

लायलकडे गेले. म्हटलं, काढ स्मिथ. "अखेर!" म्हणून त्याने खोकं काढलं. मी आपली बडबड करत होते. म्हटलं, माझा मुलगा बघ, मला उपदेश करतो आणि स्वतःचं पिस्तूल हॉलिसकडे साफ करायला देऊन बसलाय, तो मित्र साफ करतोय का धुऊन इस्त्री करतोय!

लायल हसला नाही. खोक्यावरचा हात तसाच.

"कधीपासून?"

"काय की. महिना झाला मला कळून."

"रायफली?"

"त्या असतील की घरी."

"यंदा हरणांच्या मोसमात गेला होता तो?"

 दरवर्षी फोटो पाठवतो. यंदा आला नव्हता. माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

लायलने पुढच्या दाराला कडी लावली आणि मला मागच्या खोलीत नेलं. भिंतीला लोखंडी कपाट. उघडलं. आत बंदुका, पिस्तुलं, एकेकाला नंबराचा बिल्ला, नाव कुठेच नाही. "या विकायच्या नाहीत," म्हणाला. "माणसं आणून देतात. नवरा-बायकोचं फाटलं, काम गेलं, पोरगं गेलं. घरात एकटं असताना ही वस्तू जवळ नको म्हणून. साफ करायला दे, एवढंच म्हणतात. मी विचारत नाही. बरं वाटलं की घेऊन जातात." मग कपाट लावता लावता म्हणाला, "माझ्या पण दुसऱ्याच्या कपाटात होत्या, नोरीनबाई. आठ महिने. हॉलिस चांगला मित्र आहे. पण फोन करा. सरळ विचारा. आडून नको."

स्मिथचं खोकं तिथेच राहिलं. गाडीत बसून फोन लावला.

म्हटलं, "कर्टिस, तुझ्या बंदुका हॉलिसकडे का आहेत?"

"सांगितलं ना, साफ —"

"कर्टिस. तुझ्या मनात जीव द्यायचं येतं का?"

 काचेवर बर्फ पडत होतं ते बघत बसले.

"शॅना जूनमध्ये मला सोडून गेली, आई." मग रडला. चाळिशी उलटलेला माझा मुलगा, मोठ्याने रडला. "सगळ्या मीच दिल्या त्याला. म्हटलं, मी मागितल्या तरी देऊ नकोस."

म्हटलं, आत्ता हॉलिसला घरी बोलाव. मी येईपर्यंत हलू देऊ नकोस त्याला. मी निघते.

"अगं रस्ते बंद होतील! बर्फ बघितलंस का?"

"एकतीस वर्षं तुला आणि अख्ख्या गावाला याच बर्फातून शाळेत सोडलंय. मला नको सांगूस बर्फ."

घरी आलेय ती फक्त उशी आणि औषधं घ्यायला. निघाले.

८ डिसेंबर, रविवार. बिलिंग्ज

पोचले. दार हॉलिसने उघडलं. डोळे लाल, रात्रभर जागा होता. मला मिठी मारून म्हणाला, "बरं झालं काकू, मला अंडीसुद्धा उकडता येत नाहीत." गुरुवारी डॉक्टरकडे जायचंय, तिघांनी. फ्रीजमध्ये मोहरीच्या सॉसची बाटली आणि बिअर. बाकी काही नाही. किती सामान आणते ही बाई, असं लिहिलं होतं मी.

१० डिसेंबर, मंगळवार

सकाळी कर्टिस अंडी करत होता. माझ्याकडे पाठ. म्हणाला, "तुझं स्मिथ केव्हाच ठरलं होतं ना?"

"तुला कसं कळलं?"

"तू ग्लॉकची बाजू घ्यायला लागलीस तेव्हाच. तुझा अंगठा मला माहीत नाही का?"

"मग तू कशाला सारखा पलटत होतास?"

तव्यातली अंडी उगाच खरवडत राहिला.

"पहिल्याच आठवड्यात घेऊन टाकलं असतंस ना आई, तर फोन थांबले असते. आणि मग —"

एवढंच. अंडी करपली. दोघांनी मिळून सगळी खाल्ली.