मागच्या केबिनची घंटी

५ नोव्हेंबर
नव्या नोकरीचा पहिला दिवस चक्क आनंदात गेला. तोक्योत मोटरमन म्हणून जी गाडी उभं आयुष्य हाकली, तीच इथे समुद्रकाठच्या लाइनीवर भेटली. आता दोनच डब्यांची. दोघेही सेवानिवृत्त, दोघांनाही मोक्षाऐवजी बदली. इथे गार्ड नाही. शेवटच्या स्टेशनात डब्यांतून चालत दुसऱ्या टोकाच्या केबिनीत जायचं, की मागचं पुढे होतं. स्टेशनमास्तर उबुकाता म्हणाले, "कुझुमीसान, मागून घंटी आली तर वाजू द्या. जुनी तार आहे, बडबडते. उत्तरादाखल उलट घंटी तेवढी देऊ नका."

८ नोव्हेंबर
आज वाजली. दोनदा, म्हणजे दारं बंद, निघा. विचार करण्याआधीच माझ्या अंगठ्याने उलट दोनदा दिली. अंगठा अजून सेवेत आहे. बाजाराला मुळे नेणाऱ्या हात्सुए आजी उतरताना म्हणाल्या, "मागे गार्ड ठेवलात? कंपनीला लॉटरी लागली की काय!" उबुकातांना सांगितलं. ते हसले नाहीत. आधीच्या मोटरमननेही उलट घंटी दिली होती म्हणे. तो आता कुठे असतो, विचारलं. "गाडीतच असेल," म्हणाले, आणि फलाट झाडायला गेले.

११ नोव्हेंबर
टोक बदलताना डब्यात समोरून कोणीतरी आला. टोपी, पांढरे हातमोजे. रिवाजाप्रमाणे सलाम केला. मीही केला. भ्यायला हवं होतं. काहीच वाटलं नाही; रात्रीचा भातही तसाच, बेचव.

१३ नोव्हेंबर
पंधराला मुलगी येते आहे, शिओरी. तिची आई गेल्यावर पहिल्यांदाच. तोवर तरी पुढच्या केबिनीत टिकायला हवं. आज तो टोपीवाला माझ्याआधी तिथे पोचला होता. हळूच बाजूला झाला. चेहरा पाहिला — दाढी करताना रोज पाहतो तो.
आजींनी मला विचारलं, "नवे गार्ड का हो तुम्ही?"

१५ नोव्हेंबर
मी मागे आहे. केबिनचं दार उघडत नाही. काच ठोकली — कोणी वळत नाही.
शिओरी पुढे फलाटावर, मोटरमनच्या दाराशी. जेवणाचा डबा त्याच्या हातात देते आहे. बाबा, वाळलात हो — असंच काही म्हणत असेल. तो हसतो. मला असं हसता येत नसे.
दारं बंद झाली. तो घंटीची वाट पाहतो आहे. मी दिली नाही तर गाडी हलणार नाही. शिओरी इथेच राहील, दिसत राहील. देणार नाही. नाही दे—
अंगठा