आईच्या फितीवरचे भाषण

अखिल ध्वनिलहरीसम्राट, फीतसंहारक, नभोवाणी केंद्राचे महामहिम संचालक आणि दुर्दैवाने माझे ज्येष्ठ बंधू दादा यांस,

दात-ओठ खाऊन साष्टांग दंडवत.

आईचे एकमेव ध्वनिमुद्रित गाणे पुसून त्या फितीवर आपण मंत्रिमहोदयांचे भाषण मुद्रित केलेत. वर फोनवर म्हणालात, "अरे, फितींची टंचाई आहे. जुनं पुसूनच नवं भरतात, सगळीकडे हीच पद्धत." मग आपली स्वतःची उद्घाटनपर भाषणे कपाटात अक्षय कशी राहिली?

आई रोज सकाळी रेडिओला कान लावून विचारते, "धाकट्या, माझं गाणं कधी लावणार रे तो?" आता तिचा गळा साथ देत नाही, पुनर्मुद्रण असंभव. मी सांगतो, "दादा मुहूर्त शोधतोय." त्यावर ती मलाच दटावते, "त्याच्यामागे लागू नकोस. कामाचा माणूस आहे तो."

हे पत्र धाडणार नाही. धाडले तर आपले उत्तर येईल, ते आईला वाचून दाखवावे लागेल आणि गाणे पुसल्याचे तिला कळेल.

आपला संतप्त अनुज,
धाकटा

ता. क. आपण भेट दिलेल्या रेडिओचे बटण निखळले आहे. आईला पकडीने केंद्र लावावे लागते आणि पकड सारखी निसटते.