तुळसाबाई सिस्टरची इंग्रजी

४ जानेवारी, शनिवार

आई बोलली!

दिवाळीनंतर आज पहिल्यांदा. माझी बायको चंदा तिला मुगाची खिचडी भरवत होती. चार घास झाले. पाचव्याला आईने डाव्या हाताने चमचा अडवला आणि पूर्वी सिस्टर असताना वॉर्डभर घुमायचा त्याच आवाजात म्हणाली, "निल."

मी अर्धी दाढी झालेली तशीच घेऊन धावलो. चंदा वाटी धरून बसल्या जागी थिजलेली. "निल म्हंजे काय जी?"

निल बाय माउथ. रुग्णाला तोंडाने काही द्यायचं नाही. अशी पाटी आईने जन्मभरात किती खाटांना लटकवली असेल! आज स्वतःच्या खाटेला लटकवली. पोट भरलं, एवढाच अर्थ. पण अर्थ होता!

दिवाळीत अर्धांगाच्या झटक्याने तिचा उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. मराठी, हिंदी, छत्तीसगढी, केरळच्या सिस्टरांकडून उचललेल्या मल्याळम शिव्या — सगळं. डॉक्टर सांगायचे, समजतं सगळं, फक्त शब्द बाहेर येत नाही. आला तो इंग्रजी आला. तसं नवल नाही. वॉर्डात केरळवाल्या, आंध्रवाल्या आणि ही भंडारा जिल्ह्यातली तुळसाबाई, सगळ्यांची मिळून तीच एक भाषा होती.

भूमिकाला फोन केला. आईचं बोलणं परत यावं म्हणून ती आठवड्यातून दोनदा व्यायाम घ्यायला येते. पोरगी खूश. म्हणाली, "बहुत अच्छा, अंकल. अब उनसे घर की बोली में खूब बात कीजिए."

घरची बोली! या घरची कोणती म्हणे? मी छापील मराठी बोलतो, चंदा तुमसरकडची, लेक टीना हिंदीत उत्तर देते आणि दूधवाला छत्तीसगढीत भांडून जातो. त्यापेक्षा जी वाट उघडली तिनेच आत शिरावं. ठरलं. आजपासून घराची बोली इंग्रजी.

दाढीचा उरलेला अर्धा भाग दुपारी केला.

७ जानेवारी, मंगळवार

'क्लीन' आला. 'नेक्स्ट' आला. 'व्हिजिटर्स' आला — तो शेजारच्या जानरावांना बघून. अर्थ : भेटीची वेळ संपली, निघा. स्टील प्लांटमधून रिटायर झाल्यापासून जानरावांना वेळेची भीड उरलेली नव्हती. आज चहा न घेता उठले.

थोरल्या बहिणीला, बेबीताईला, तुमसरला फोन करून सांगितलं, आई बोलते, इंग्रजीत. वाटलं, आनंदाने रडेल. ती म्हणाली, "मोनू, डोकं गेलं रे तिचं."

त्रेपन्न वर्षांचा मी. नागपूरच्या पेपरात माझ्या बातम्यांवर राजकुमार असं नाव छापून येतं. ताईकडे मात्र मोनूच. आईचंच ठेवलेलं नाव.

"डोकं शाबूत आहे, ताई. शब्द नेमके वापरते ती."

"इंग्रजीत? मी तिले इकडं घेऊन येईन. तुमी सारे आपापल्या कामाले जाता. आई दिवसभर भिताडाकडं पाहून राहते."

खूप हुज्जत घातली. शेवटी ठरलं की ताई फेब्रुवारीत येणार आणि आईलाच विचारायचं. ती सांगेल तसं. म्हणजे तोवर आईला सांगता आलं पाहिजे.

आई रिसालीतलं हे घर सोडून कुठे जाणार? घर तिच्या कमाईचं आहे.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. चंदाने तिळाचा लाडू कुस्करून आईच्या जिभेवर ठेवला. आईने चघळला, विचार केला. "नॉर्मल."

चंदाचं तोंड उतरलं. मी तिला बाजूला नेऊन समजावलं — सिस्टरच्या तोंडी 'नॉर्मल' म्हणजे काय? रिपोर्ट नॉर्मल आला की लोक पेढे वाटतात. याहून मोठी पदवी वॉर्डात नाही. चंदाने हिशेब लावला आणि म्हणाली, "मंग लग्न झाल्यापासून पयल्यांदा नॉर्मल झाली मी."

दिवसभर घरात 'नॉर्मल' चालू आहे. टीनाने माझा नवा शर्ट 'क्रिटिकल' ठरवला.

१६ जानेवारी, गुरुवार

हथखोजच्या कारखान्यांवर कामगारांचा मोर्चा. बातमीत 'संताप' लिहिला. उपसंपादक 'नाराजी' करणार. आईला त्या डेस्कवर बसवायला हवं.

१९ जानेवारी, रविवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो. काशीहून शिकून आलेले आमचे संस्कृतचे गुरुजी असते तर आईच्या खाटेशी मांडी घालून बसले असते.

टीना बँकेच्या परीक्षेचं पुस्तक घेऊन आली. मागे समानार्थी शब्दांचे ताटवेच्या ताटवे. "आजी, हॅपी का बताओ. ग्लॅड, मेरी, चीअरफुल..."

"नेक्स्ट."

"सॅड?"

"नेक्स्ट."

मग टीनाने वाचलं : शिफ्ट, ट्रान्सफर, मूव्ह. तिन्हींचा अर्थ एकच.

आईचा डावा हात वर गेला. "नो."

गुरुजी हेच सांगायचे! दोन शब्दांचा अर्थ एकच असेल तर त्यातला एक उपाशी मरतो. दोघे जगले आहेत ना? मग दोघांचं काम वेगळं आहे. तर्पणाला उदक, पूजेला जल, प्यायला पाणी. नळाला मात्र पाणीच, तेही आलं तर.

मी म्हटलं, "सिस्टर, एक्सप्लेन."

आईने खाट थोपटली, खिडकीकडे बोट केलं. "शिफ्ट." खाट तीच, खोली तीच, जागा बदलली. मग टीनाच्या खोलीकडे बोट. "ट्रान्सफर." वॉर्डच बदलला. मी चेव येऊन विचारलं, "रेफर?" आईने ओठ मुरडले आणि हात लांब रस्त्याकडे झटकला. आमच्याने होत नाही, मोठ्या ठिकाणी न्या. माणूस जातो, पण मान खाली घालून.

"और डिस्चार्ज, आजी?"

आईने आधी डाव्या हाताने केस सारखे केले. पदर खांद्यावर ओढला. कुणीतरी पिशवी हातात दिल्यासारखी मूठ मिटली. आणि हसली. दिवाळीनंतर पहिल्यांदा हसली! "डिस्चार्ज."

बरं होऊन आपल्या माणसांत परत जाणं. चारही शब्दांत माणूस जागचा हलतो. पण कुठे आणि कुठल्या तोंडाने, ते प्रत्येकाचं वेगळं.

डोकं गेलं म्हणे!

२२ जानेवारी, बुधवार

टीनाने माझ्या बाबांच्या फोटोकडे बोट दाखवून आजीला विचारलं, "और ये?" मी डोळे वटारेपर्यंत विचारून झालं होतं. मला भीती 'एक्स्पायर्ड'ची. वॉर्डात गेलेल्या माणसाला तोच शब्द.

आईने फोटो बराच वेळ पाहिला. "ऑफ ड्यूटी."

बाबा तिला रात्रपाळीनंतर न्यायला यायचे, सायकलवर, प्लांटची टोपी तशीच डोक्यावर. एवढंच लिहितो.

२५ जानेवारी, शनिवार

ताईचं पक्कं झालं, २ तारखेला येते. मी 'स्टे' शिकवायला घेतलाय. छोटा शब्द, सोपा शब्द. रोज चहाच्या वेळी : "सिस्टर, तुमसर ऑर स्टे?"

आई : "ऑब्झर्व्ह."

म्हणजे आत्ताच काही सांगता येत नाही, लक्ष ठेवा, उद्याच्या राउंडला बघू. डॉक्टरी सावधपणा आहे. मी पण धीराचा आहे.

चंदा कपडे घड्या करत होती. "तुमी तिले विचारून राहिले का पाठ करून घेऊन राहिले?"

"दोन्ही पर्याय देतोय मी."

"हो नं. एक पर्याय तुमी पोटातून सांगता, एक नाकातून."

बायको इतकं बारकाईने ऐकते हे माहीत असतं तर मी लग्नात मंगलाष्टकं तरी नीट ऐकली असती.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनाहून परतताना अख्खी गल्ली दारात : गुड मॉर्निंग सिस्टर, हाऊ आर यू सिस्टर. जानरावांनी तर वाक्य पाठ करून आणलं होतं. आईने सगळ्यांना "स्टेबल" सांगितलं, मग "व्हिजिटर्स", मग भिंतीकडे तोंड केलं. थकली असेल.

२ फेब्रुवारी, रविवार

ताई आली. सोबत चिवड्याचा डबा, लाखोळीची डाळ आणि तोंड. चपला काढायच्या आधी आईच्या खाटेवर चढून बसली, तिचे पाय मांडीवर घेतले आणि सुरू! कोणाची म्हैस व्याली, कोणाच्या सुनेने वेगळी चूल मांडली, भागाबाई मावशी अजून कशी तंबाखू मळते, भीमाबाईच्या नातवाचं कुठे जमलं. मी मध्ये म्हटलं, "सिस्टर, आर यू टायर्ड?"

ताईने माझ्याकडे वळून पाहिलं. "हे घर हाय का कॉन्व्हेंट?"

"ताई, ती इंग्रजीच बोलते. म्हणून आम्ही सगळे..."

"दिवसभर तिच्या कानात इंग्रजीच पडन तं ते दुसरं काय बोलन?"

ताईचं भाषाशास्त्र. तुमसर विद्यापीठ. मी वाद घातला नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

ताई भाकरी थापताना बोलते, वेणी घालताना बोलते, आईला नहाणीत नेताना बोलते. आई काही म्हणत नाही. तीन दिवसांत एकही नवा शब्द नाही. मी काळजीत. एवढी मेहनत पाण्यात जायची.

भिंतीकडे मात्र बघत नाही आजकाल. ताईच्या तोंडाकडे बघत राहते.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज विचारलं.

चहा झाल्यावर सगळे खाटेभोवती. टीना मोबाईल बाजूला ठेवून बसली, यावरून प्रसंग किती मोठा ते कळावं. मी प्रास्ताविक करणार होतो. ताईने करू दिलं नाही. आईचा हात हातात घेतला. "आई, माह्यासंग येशीन का? का मोनूपाशी राहशीन? तुया मनात असन थे सांग. कोणाचं वाईट नाही वाटणार."

मला वाटणार होतं. आई माझ्याकडे पाहत होती. मी ओठ हलवले, आवाज न करता. स्टे.

आईने केस सारखे केले. डाव्या हाताने पदर ओढून घेतला. मूठ मिटली.

"डिस्चार्ज."

ताईला काही कळलं नाही. "काय मनते, मोनू?"

मी म्हणालो, "तिला शिफ्ट म्हणायचं असेल. इथल्या इथे, खिडकीपाशी..."

"नो," आई म्हणाली.

टीना हळूच म्हणाली, "पप्पा, आपने ही तो बोला था. दोन शब्दांचा अर्थ एक नसतो." मराठीत म्हणाली. पोरीला नेमकं आज मराठी सुचायचं होतं.

रेफर नाही म्हणाली. मान खाली नव्हती तिची. ट्रान्सफर नाही म्हणाली. बरं होऊन आपल्या माणसांत जाणं, हा अर्थ मीच लिहून ठेवलाय मागच्या पानावर, शाईने. आणि मी काय आहे मग? मी कोणत्या वॉर्डातला?

मी ताईला सांगितलं, "येते म्हणते तुझ्यासंग."

ताई रडली. आईने तिला पदर दिला पुसायला. चंदा कपाटातून आईची पिशवी काढायला गेली आणि बराच वेळ आली नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

दुर्गहून सकाळच्या गाडीत बसवलं. खिडकीशी आई, तिच्या शेजारी ताई, ताईचं बोलणं गाडी हलायच्या आधीच सुरू झालेलं. गाडी हलली तसा मी म्हणालो, "टेक केअर, सिस्टर." आईने माझ्या गालाला हात लावला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

खाट रिकामी. आम्ही तिघं अजून सवयीने भाताला 'नॉर्मल' म्हणतो. टीनाचा आवाज शेवटी शेवटी पडतो.

ताईचा फोन रोज येतो. आई पोटभर जेवते, पोरंसोरं अंगणात तिच्याभोवती कालवा करतात. मी विचारतो, नवीन शब्द? ताई सांगते, जुने बी बंद झाले. एक नाही.

शेवटी व्हायचं तेच झालं. उघडलेली वाट बंद पाडली यांनी. इंग्रजी बोलायला कुणी नाही तिथे. पुढच्या आठवड्यात रजा काढून जातो आणि परत घेऊन येतो. चंदाला सांगितलं. ती म्हणाली, "ऑब्झर्व्ह."

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळी ताईने फोन आईच्या कानाला लावला. मी जोरात : "गुड मॉर्निंग, सिस्टर! हाऊ आर यू? स्टेबल?"

पलीकडे कोंबडी, पोरं, भांडी. आणि मग एकेक शब्द विहिरीतून ओढून काढल्यासारखा —

"मोनू. पुरे झाली तुजी इंग्रजी."