बंद रस्त्यावरून आईची खुर्ची

वहिनी,

‘रस्ता अडला म्हणून पाय अडत नाहीत,’ असं बाबा आमच्या लहानपणी म्हणायचे. काल ते तू करून दाखवलंस. सायकल-शर्यतीसाठी रस्ते बंद, टॅक्सी येईना, आणि आईचं डायलिसिस चुकवून चालणार नव्हतं. तू सरळ तिची चाकाची खुर्ची ढकलत दवाखाना गाठलास! कडेची माणसं टाळ्या वाजवत होती म्हणे, आणि आईसाहेब राणीसारख्या हात हलवत होत्या!

तू गाढ झोपलीयस, उठवत नाही. खुर्चीचं चाक डगडगतंय, सायकलवाल्याकडे नेतेय. तळव्यांच्या फोडांना मलम लाव.

इतक्या वर्षांत आईनं तुझं कौतुक कधी तोंडावर केलं नाही. आज सकाळी मात्र मलाच दटावलं तिनं, ‘हळू बोल गं, माझी लेक दमून झोपलीय.’