दुखणं सांगायची मुभा

माळेगाव बुद्रुक, ता. बारामती
८ नोव्हेंबर २०२४

तीर्थस्वरूप सावळाराममामांस,
स्वरूपाचा शि. सा. न. वि. वि.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण कुस्तीत मोडलेल्या तुमच्या कानांना फोनवरचं निम्मं ऐकू येत नाही, आणि उरलेल्या निम्म्यात मामी फोन काढून घेते आणि माझ्या लग्नाचा विषय काढते. पत्रात तेवढी तरी शांतता.

बातमी अशी की कॉलेज संपलं, त्याबरोबर कबड्डीही संपली, आणि पुढे काय करायचं ते माझं ठरलंय. मला खेळाडूंची मालिश करणारी व्हायचंय. स्पोर्ट्स मसाज थेरपिस्ट म्हणतात आता. आमच्या संघातल्या मुलींचे पाय सामन्याआधी मीच मोकळे करायचे आणि चढाईपेक्षा मला त्यातच गोडी वाटायची. हे घरात कोणाला सांगितलं नव्हतं.

घोडं अडलंय ते कोर्सपाशी. पुण्यात एक कोर्स पंधरा दिवसांचा आहे. डोक्यापासून पायापर्यंत मालिशचे सगळे हात शिकवतात आणि प्रमाणपत्र देतात. दुसरा वर्षभराचा, जानेवारीत सुरू होणारा. त्यात आधी हाडं आणि स्नायू शिकायचे, मग खऱ्या संघांबरोबर जाऊन शिकवणाऱ्यांच्या नजरेखाली हात चालवायचा. माझं मन दुसऱ्याकडे ओढतंय. आण्णा मात्र म्हणतात, अंग रगडायला वरीसभर कशाला लागतंय. शिवाय बजावलंय की कुठलाबी एकच कर, पुन्यांदा मागायचं न्हाय. आई म्हणते बी.एड. कर, मास्तरीण झालीस की स्थळं दारात येतील.

तालमीत तुमची हयात गेली. तुम्ही सांगाल तो कोर्स मी करीन.

मामीला नमस्कार. लग्नाचा विषय वगळून बाकी सगळी माया पत्रातून पाठवावी.

तुमची भाची,
स्वरूपा

•

इंदापूर
१५ नोव्हेंबर २०२४

चि. स्वरूपास,
मामाचे अ. उ. आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझ्या मामीनंही वाचलं, त्यामुळे लग्नाचा विषय तुझ्याच पत्रातून निघाला. मला बोल लावू नकोस.

वर्षभर? अगं, तालमीत आलेलं पोरगं पहिल्या महिन्यात मालिश शिकतं आणि दुसऱ्या महिन्यात मलाच शिकवायला लागतं! पण तुझी गरज मला खरंच आहे. माझ्या तालमीत आता मुलीही येतात. पुरुषानं त्यांच्या अंगाला हात लावायचा प्रश्नच येत नाही. त्या एकमेकींची मालिश करायला बसल्या तर तासभर नुसत्या खिदळतात. त्यांच्यात छकुली म्हणून एक आहे. बोलायला चोर, पण समोरचीचा पाय धरला की सोडायची नाही. डिसेंबरअखेर तिची जिल्ह्याची निवड चाचणी आहे. ही पोरगी पुढे जाणार, माझा शब्द लिहून ठेव. तेव्हा मला तू आत्ता हवीस, वर्षानं नको. पंधरा दिवसांचा कोर्स कर आणि ये. दाजीही खूश, मीही खूश.

एक आधीच सांगून ठेवतो. आमच्या तालमीत दुखणं बोलायची पद्धत नाही. माझ्या वस्तादांनी घालून दिलेला नियम आहे. इथं पोरगं लंगडलं की संध्याकाळपर्यंत ते गावोगावच्या पैलवानांना कळतं, आणि मैदानात समोरचा नेमका तोच पाय धरतो. म्हणून तोंड बंद. तूही फार चौकश्या न करता आपलं काम करायचं.

लीलाला सांग, भावाची आठवण असेल तर तुझ्याबरोबर शेंगदाण्याची चटणी पाठव. बाकी तुम्हा सगळ्यांवर जीव आहेच, तो काही पत्रात मावत नाही.

तुझा मामा,
सावळाराम

•

माळेगाव बुद्रुक
१३ डिसेंबर २०२४

तीर्थस्वरूप मामांस,
शि. सा. न. वि. वि.

या वेळी थट्टा सुचत नाही. रविवारी तुमच्या तालमीत मी छकुलीची मालिश केली आणि दुसऱ्या दिवशी तिला पाय टेकवेना. परवा तिच्या आईचा फोन आला. डॉक्टर म्हणाले की पोटरीच्या स्नायूला आधीच बारीक चीर होती, मालिशीने ती वाढली. निवड चाचणी हातची गेली. तुम्हाला हे कळलं असेलच, तरी माझ्याकडून कळायला हवं म्हणून लिहितेय.

मी तिला विचारलं होतं, दुखतंय का. तुम्ही शेजारीच उभे होतात. ती तुमच्याकडे बघून म्हणाली की न्हाय, कायबी न्हाय. कोर्समध्ये दाखवलं तसे मी अंगठे लावले आणि जोर दिला. हाताखाली पोटरी घट्ट होत गेली. मला वाटलं सरावाने आखडलीय, म्हणून आणखी दाबली. पंधरा दिवसांत मला सगळे हात शिकवले, पण कुठे थांबायचं ते शिकवलं नाही. मलाही विचारायचं सुचलं नाही.

काल पुण्याला जाऊन त्या वर्षाच्या कोर्सच्या मॅडमना भेटले. त्यांनी सांगितलं की दुखऱ्या जागी हात गेला की स्नायू स्वतःला आवळून घेतो. तोंड नाही म्हणत असलं तरी हाताला ते ओळखता येतं, मात्र त्याला वेळ लागतो, आणि माणसाने खरं सांगितलं तर निम्मं काम तिथेच होतं. ऐकून मला तिथेच रडू फुटलं.

पण आता उपयोग काय? आण्णांनी एकच कोर्स करायला सांगितला होता, तो झाला. दुसरा मागायला तोंड राहिलं नाही. कोणाच्या अंगाला हात लावायचा धीरही होत नाही. बी.एड. करावं म्हणते. आई खूश आहे. मी नाही.

मामा, तुमच्यावर राग नाही, तुमच्या नियमावर आहे. लहान तोंडी मोठा घास घेतला. चुकलं असेल तर पोटात घालावं आणि माया पातळ करू नये.

तुमची,
स्वरूपा

•

इंदापूर
१९ डिसेंबर २०२४

श्री. जोतीरामदाजी यांस,
सावळारामचा स. न. वि. वि.

मी वयानं मोठा, पण बहीण तुमच्या घरी दिलेली, त्यामुळे तुमच्याकडे आजवर काही मागितलं नाही. जेवायला बसलो तर दुसरी पोळीसुद्धा मागत नाही, लीलाला विचारा. आज मागतोय. स्वरूपाला वर्षाच्या कोर्सला पाठवा. पंधरा दिवसांचा तिनं माझ्या घाईपायी केला. तो तिच्या नावावर मांडू नका.

छकुली घरी बसली तेव्हा मी सगळ्या पोरापोरींना ओळीनं बसवलं आणि म्हणालो, ज्याचं जे दुखत असेल ते आज बोला. कोणी तोंड उघडेना. नियम माझा, मग माझ्यासमोर तो मोडणार कोण? शेवटी मीच मातीत बसलो आणि सांगितलं की माझा उजवा खांदा कित्येक वर्षं वर जात नाही. फेटा बायको बांधून देते आणि लोकांना तो वस्तादाचा थाट वाटतो. मग एक पोरगी हळूच म्हणाली की तिची मान दुखते. दुसरी गुडघा म्हणाली. त्यानंतर पोरांची बाजू सुरू झाली ती थांबेना. अख्खी तालीम दुखणाऱ्यांची निघाली! मला लाज वाटली, आणि खरं सांगतो, जीव हलकाही झाला.

आता ही दुखणी ऐकून घेणारं, हात कुठं लावायचा आणि कुठं नाही हे जाणणारं माणूस मला हवं. ते वर्षानं आलं तरी चालेल. परवा छकुलीला बघायला गेलो तर ती आपणहून म्हणाली की ताई शिकून आल्या की मालिश त्यांच्याकडनंच करून घेणार, दुसऱ्या कुणाकडनं न्हाय. तिला राग नाही, मग आपण पोरीला घरी का बसवायचं?

कारखान्याचा हंगाम जोरात असेल, तब्येतीला जपा. सोयरिकीत गोडवा आहे, तो या मागणीनं कमी होऊ नये.

तुमचा,
सावळाराम

•

माळेगाव बुद्रुक
३० डिसेंबर २०२४

तीर्थस्वरूप मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आण्णांनी ताटावर बसल्या बसल्या वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि कारखान्यावर गेले. पुढचे दोन-तीन दिवसही पत्र खिशातच राहिलं. आई म्हणाली, झालं, विषय संपला. मीही बी.एड.ची चौकशी करून आले.

काल रविवारी दुपारी मी अंगणात मेथी निवडत होते. आण्णा आले आणि माझ्याकडे पाठ करून बाजेवर बसले. मग सदरा वर केला आणि म्हणाले की हितं बघ, बॉयलरपाशी वाकून वाकून दोन हंगाम झालं दुखतंय, तुझ्या आईलाबी बोललो न्हाय. आत स्वयंपाकघरात भांडं पडलं. तिला आत्ता कळलं, हे आम्हा दोघांनाही समजलं.

मी तळहात नुसता टेकवला आणि विचारलं, इथे का? ते म्हणाले, वाईच खाली. हात खाली सरकवला तशी पाठ आवळली गेली, आणि मी थांबले. मामा, या वेळी मला कळलं. दाबलं मात्र काहीच नाही. मी म्हटलं, आण्णा, आधी डॉक्टरांना दाखवू, मी अजून शिकलेली नाही.

आण्णांनी सदरा खाली केला. माझ्याकडे वळलेही नाहीत. म्हणाले, मग जा की शिकायला, मी काय धरून ठिवलंय व्हय?

पुढच्या सोमवारी पुण्याला निघते. छकुलीला माझा निरोप सांगावा. तुमचा लोभ आहेच. तुमचं दुखणंही असंच कळवत जावं, ही विनंती.

तुमची भाची,
स्वरूपा